दसऱ्याची कणी

आई म्हणायची, हिला रागवायला कारण लागत नाही, फक्त समोर माणूस लागतो. ती गेली तेव्हा मला वाटलं, हे वाक्यही तिच्याबरोबर गेलं. पण परवा कॉलेजच्या कँटीनमध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, “कणीवाल्या मॅडम आल्या,” आणि मी वळूनही बघितलं नाही. पूर्वीची मी असते तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करूनच खाली बसले असते. आता मी चहा घेते आणि गप्प राहते. लाज तब्येतीला बरी असावी, कारण डॉक्टर म्हणाले की माझं ब्लडप्रेशर उतरलंय.

मी अलिबाग-मुरुड रस्त्यावरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. दगड घट्ट आणि पाणी पातळ, हे शाळेत शिकवतात. या दोघांच्या मध्ये जे काही आहे, म्हणजे दही, साबणाचा फेस, टूथपेस्ट, मोदकाची उकड आणि आमच्या खाडीचा चिखल, त्याबद्दल शाळा बोलत नाही. त्याचं वेगळं शास्त्र आहे, सॉफ्ट मॅटर. मी प्राचार्यांना पहिल्यांदा मराठीतून सांगितलं, की मला मऊ पदार्थांच्या विज्ञानाची प्रयोगशाळा हवी आहे, तेव्हा त्यांना वाटलं, मी गाद्या-उशांबद्दल बोलतेय.

चिखल मी माहेरून घेऊन आले. माझं माहेर पेणच्या खाडीकाठचं, खारभूमीतलं. तिथे समुद्राचं पाणी आणि भाताचं शेत यांच्यामध्ये फक्त एक चिखलाचा बांध असतो. तो साऱ्या गावाचा. प्रत्येक घराच्या वाट्याला त्याचा एकेक तुकडा येतो. पण खेकड्यानं कुठे बीळ पाडलं आणि भरतीचं पाणी आत झिरपायला लागलं, तर ज्याला दिसेल त्यानं ओरडायचं, अशी रीत आहे. तुकडा कुणाचा आणि दुर्लक्ष कुणाचं, ते बीळ बुजवल्यावर बोलायचं. एकदा खांड पडली, म्हणजे बांध फुटला, की खारं पाणी हे शेत कुणाचं म्हणून विचारत नाही. इतके दिवस उभा राहिलेला चिखल एकाएकी वाहायला का लागतो, हा प्रश्न मला तिथे लहानपणीच पडला आणि पुढे त्याच्यावरच माझी पीएच.डी. झाली.

चिखल आमच्याकडे होता आणि तो मोजायची यंत्रं पुण्यात होती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत माझ्याच वयाच्या एक मॅडम फेसावर आणि जेलवर काम करतात. एका परिषदेत जेवणाच्या रांगेत आमची ओळख झाली. गुलाबजामाचा पाक फार पातळ झालाय, असं मी त्या वाढप्याला सुनावत होते, आणि त्या मागून म्हणाल्या, “पातळ नाहीये हो, गरम आहे.” तिथून बोलणं चिखलावर आलं. खाडीतून काढलेला चिखल पहिल्या काही तासांत जसा वागतो, तसा तो पुण्याला पोचेपर्यंत उरत नाही. तेव्हा त्यांनीच सुचवलं, की चिखल पुण्याला नेण्यापेक्षा यंत्र चिखलाकडे येऊ दे. दोन संस्थांनी मिळून एक सामायिक प्रयोगशाळा करायची. सह्या व्हायला वेळ लागला, पाटी व्हायला त्याहून जास्त. पाटीवर कुणाचं नाव आधी, यात एक अख्खा पावसाळा गेला. शेवटी दोन्ही नावं शेजारी-शेजारी आली आणि आमचं नाव लांबलचक असल्यामुळे त्याची अक्षरं बारीक झाली. त्यावरूनही मी दिवसभर धुसफुसत होते.

यंत्राचं नाव रिओमीटर. त्यात दोन गोल चकत्या असतात, आम्ही त्यांना प्लेट म्हणतो. खालची स्थिर असते, वरची फिरते, आणि दोघींच्या मध्ये बोटाच्या टोकावर मावेल एवढा चिखल ठेवायचा. वरची प्लेट फिरवायला किती जोर लागतो, त्यावरून चिखल किती घट्ट ते कळतं. दोन्ही प्लेटमधलं अंतर नखाच्या जाडीएवढं, आणि ते सगळीकडे अगदी सारखं लागतं. खालची प्लेट धुण्यासाठी निघते. ती धुऊन पुन्हा तिच्या सीटवर, म्हणजे यंत्रातल्या बैठकीवर, सपाट बसवायची, ही त्यातली मुख्य काळजी.

पुणेकरांची एक अट होती, आणि ती रास्त होती. खाऱ्या हवेत यंत्र टिकेल का, अशी त्यांच्या संचालकांना शंका होती. म्हणून प्रत्येक बरणीतला अर्धा चिखल आम्ही ठेवायचा आणि अर्धा सीलबंद करून पुण्याला धाडायचा. ताज्या चिखलाची मोजणी फक्त इथे. पण दुसऱ्या दिवशीची मोजणी एकाच वेळी दोन्हीकडे, सारख्याच यंत्रांवर. ते आकडे जुळत राहिले तर यंत्र कायमचं आमचं, नाहीतर ते परत जाणार.

यंत्र परत गेलं असतं तर माझं फारसं काही बिघडत नव्हतं. मी पुण्याला जाऊन-येऊन काम केलं असतं. बिघडलं असतं ते माझ्या विद्यार्थिनीचं. ती थळच्या कोळीवाड्यातली. बापाचा पाय बोटीच्या दोरात सापडून कायमचा अधू झालेला, आई पहाटे मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात बसते. दुपारनंतर बापाला उठवा-बसवायला ही घरी लागते. पहिल्या एसटीनं कॉलेजला यायचं आणि दुपारी परतायचं, एवढीच तिच्या पीएच.डी.ला जागा होती. पुण्याला राहणं तिला शक्यच नव्हतं. तिचा विषय वर्षभराचा चिखल: पावसाळ्यातला, थंडीतला आणि उन्हाळ्यातला. त्यातही उन्हाळ्याचा महत्त्वाचा, कारण खाडीचे बांध उन्हाळ्यात लिंपतात.

पावसाळ्याचे आकडे सुरेख जुळले. मग दसरा आला.

कॉलेजला दसऱ्याची सुट्टी असते, म्हणून यंत्रांची पूजा आम्ही आदल्या दिवशीच उरकतो. आमच्याकडे पूजा म्हणजे आधी धुणं. विळा-कोयता असो की लेथ मशीन, त्या दिवशी ते लखलखीत करून मांडायचं. रिओमीटरची ही पहिलीच पूजा होती. खालची प्लेट काढून धुतली, पाटावर मांडली, यंत्राला झेंडूची माळ घातली. पुण्याच्या मॅडमना मी व्हिडिओवर फोन लावला आणि कुणाच्या तरी हातात दिला, म्हणजे त्यांनाही सामायिक पूजा बघता यावी. अक्षता मी घरून आणल्या होत्या, माहेरच्या तांदळाच्या, हळदकुंकवात भिजवलेल्या आणि अजून ओलसर. मी मूठ भरली, तेवढ्यात ती थळची मुलगी पुढे आली. तिच्या हातात पांढरं फडकं होतं.

“मॅडम, सीट उघडी आहे. वर फडकं टाकू का?”

मी सगळ्यांकडे बघत म्हटलं, “लग्नात नवरीला झाकून अक्षता टाकतात का गं?”

सगळे हसले. ती पण हसली. तिनं फडक्याची घडी केली आणि ती मागे सरकली. मी अक्षता टाकल्या, मग प्राचार्यांनी टाकल्या, मग सगळ्यांनी. कँटीनमध्ये श्रीखंड-पुरी वाट बघत होती, म्हणून अक्षता झटकून, प्लेट बसवून, दार लावून आम्ही जेवायला गेलो.

थंडीच्या पहिल्या बरणीपासून आकडे हुकायला लागले. आमचा चिखल पातळ निघायचा आणि पुण्याचा घट्ट. फरक थोडा होता, पण होता. मला त्याचं कारण लगेच मिळालं. यांच्या एसी खोल्यांमध्ये चिखल सुकतो, म्हणून घट्ट होतो. मी तसं कळवलं. पुढच्या वेळी त्यांनी बरणी उघडण्याआधी तिचं वजन करून पाठवलं, काही सुकलं नव्हतं. मग मी म्हटलं, घाटातल्या वळणांनी तो हलतो. मला कारणांची टंचाई कधीच पडलेली नाही.

ती मुलगी एक दिवस प्लेट पुसता पुसता म्हणाली, की मॅडम, दसऱ्याआधी जुळत होते. एकदा तेल लावून बघू या का. तेल म्हणजे प्रमाण तेल. त्याचा घट्टपणा आधीच ठाऊक असतो, त्यामुळे यंत्रावर शंका आली की ते ठेवून बघतात. तासाभराचं काम आहे. पण मी तिला म्हटलं, की तेल आपण लावायचं म्हणजे शंका आपणच आपल्या अंगावर घ्यायची. आधी त्यांनी लावावं. आपण लहान कॉलेजातले आहोत म्हणून चूक नेहमी आपलीच असते का? तू आपल्या बाजूची आहेस की त्यांच्या?

तिनं मान खाली घातली आणि परत तो विषय काढला नाही. बांधावर पाणी झिरपताना बघून तिनं ओरडून सांगितलं होतं, आणि खारभूमीतली लेक असून मी तिला विचारलं होतं, की तू कुणाच्या बाजूची.

फेब्रुवारीत दोन्ही संस्थांची मीटिंग झाली, पडद्यावर. त्यांचे संचालक, आमचे प्राचार्य, शिवाय दोन्हीकडची ओळखीची-अनोळखी माणसं. पुण्याच्या मॅडमनी आकडे दाखवले आणि एवढंच म्हणाल्या, की आपण दोघी एकाच बाटलीतलं तेल दोन्हीकडे मोजून बघू. त्यात रागवण्यासारखं काहीही नव्हतं. मी रागावले. मी म्हटलं, की यंत्र परत न्यायचं ठरलेलंच असेल तर सरळ सांगा, त्यासाठी आमचा चिखल पातळ ठरवायची गरज नाही. वर म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. कुणाचा तरी माइक चालू राहिला होता, त्यातून मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. पुण्याच्या मॅडम म्हणाल्या, “बरं,” आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.

ती मीटिंग मी जिंकले असं मला वाटलं. घरी येऊन मी नवऱ्याला सगळं अभिनयासकट सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, तेल लावायला काय हरकत होती? त्याला पदार्थविज्ञानातलं काही कळत नाही, असं मी त्याला सांगितलं.

होळीनंतर मी पुण्याला बरण्या धाडणं बंद केलं. कळवलं, की तुमच्या प्रवासात चिखल बिघडतो, तेव्हा यापुढची मोजणी आम्ही इथेच करू. त्यांनी उत्तरात लिहिलं, की शक्य असेल तर पाठवत राहा. मी पाठवल्या नाहीत. उन्हाळ्याचा सगळा चिखल त्या मुलीनं एकटीनं काढला, भर उन्हात, ओहोटीला, गुडघाभर रेंद्यात उतरून. तो फक्त आमच्याच यंत्रावर मोजला गेला.

मे महिना संपत आला होता तेव्हा पुण्याच्या मॅडम स्वतःच आल्या. आदल्या संध्याकाळी फोन केला होता, की मुरुडला नात्यातलं लग्न आहे, जाता जाता डोकावते. वडखळच्या नाक्यावर अडकल्यामुळे त्या पोचल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. मी त्यांना काय काय सुनावायचं याची रात्रभर तयारी केली होती. त्यांनी पाणी मागितलं, पंख्याखाली जराशा टेकल्या आणि पर्समधून तेलाची छोटी बाटली काढली. प्राचार्य पाहुण्यांना भेटायला म्हणून आले होते, ते तिथेच खुर्चीवर बसले. ती मुलगी यंत्राजवळ उभी होती.

तेलाचा आकडा चुकला. त्यांनी तेल पुसून पुन्हा ठेवलं, पुन्हा चुकला, आणि थोडा वेगळा चुकला. मग त्यांनी खालची प्लेट काढली, मोबाइलची बॅटरी लावली आणि मान अगदी वाकडी करून सीटच्या मागच्या खाचेत बघितलं. मुलीकडून चिमटा मागून घेतला. जे निघालं ते त्यांनी टिश्यू पेपरवर ठेवलं. वाळलेल्या हळदीचा एक पापुद्रा होता, चिखलाच्याच रंगाचा, आणि त्यात चिरडून चपटी झालेली तांदळाची कणी. कडेला अजून कुंकवाची लाली होती.

सगळं माझ्या लगेच लक्षात आलं. एका बाजूनं उचललेली प्लेट, एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ बसलेला चिखल, म्हणून कमी लागलेला जोर. एम.एस्सी.च्या पोरांना मी हेच शिकवते. पण डोक्यात हे येईपर्यंत तोंड पुढे गेलं होतं. मी त्या मुलीकडे वळले आणि म्हटलं, “प्लेट बसवताना सीट बघायची नाही का गं? किती वेळा सांगितलंय तुला?”

ती म्हणाली, “हो मॅडम. माझं चुकलं.”

तिनं ते लगेच म्हटलं, काही विचार न करता, जसं घरात मोठ्यांना म्हणतात. पुण्याच्या मॅडम टिश्यू पेपरची घडी घालत होत्या. घडी पूर्ण झाल्यावर त्या वर न बघता म्हणाल्या, “ती फडकं टाकत होती. मी फोनवर होते ना, बघितलं मी.”

प्राचार्य उठून चहाचं बघतो म्हणाले आणि गेले. मला वाटलं, पायाखालची लादी फुटून खालच्या खडकापर्यंत मी जाईन. माझा चेहरा इतका तापला होता, की तो पंख्याखालीही थंड होईना. चूक सापडल्याची लाज एक असते. ती अंगावर घेऊन हसता तरी येतं. पण त्या कणीचा दाणा माझ्या माहेरचा, मूठ माझी, फडकं दूर सारणारा विनोद माझा, आणि तरी माझ्या तोंडानं सगळ्यात जवळचं, उलट न बोलणारं माणूस शोधून काढलं होतं. आई बरोबर म्हणायची.

मॅडमनी तो विषय तिथेच संपवला. उलट म्हणाल्या, की आमच्याकडेही पूजेत असले घोळ झालेत, एकदा उदबत्तीच्या राखेनं लेझरची काच गेली होती. त्या मला सावरायला बघत होत्या हे कळत होतं आणि त्यानंच मी अधिक खचत होते. त्यांच्या तोंडून ‘अंगण’ हा शब्द निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. त्या तो कधीच म्हणाल्या नाहीत. मीही ती म्हण त्यानंतर वापरलेली नाही.

जेवायला मी त्यांना घरी नेलं. वालाचं बिरडं केलं होतं. जेवता जेवता मी कसंबसं विचारलं, की या पोरीच्या आकड्यांचं आता काय. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, की तुम्ही जेवढ्या बरण्या पाठवल्यात तेवढ्या सगळ्या मी नीट मोजून ठेवल्यात. त्या भांडणानंतर आलेल्यासुद्धा. त्यांचे दुसऱ्या दिवशीचे आकडे बरोबर आहेत, त्यांच्याशी तुमचे जोडून बघितले की तुमच्या यंत्राची त्या त्या दिवसाची चूक कळेल, आणि ताज्या चिखलाचे आकडे सुधारून घेता येतील. थंडीचा चिखल वाचला, असं त्या म्हणाल्या.

ज्या आकड्यांना मी चारचौघांत खोटं ठरवलं, तेच आता तिला तारणार होते. आणि मी ज्यांना तसं बोलले, त्या बाईनं पुढेही प्रत्येक बरणी उघडून, वजन करून, निगुतीनं मोजली होती.

“आणि उन्हाळ्याचा?” मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. कारण सांगायची गरजही नव्हती. प्लेट रोज निघत होती, रोज बसत होती, कणी रोज थोडी थोडी चिरडत होती. चूक दर दिवशी वेगळी होती. उन्हाळ्याच्या बरण्यांची जोडी पुण्यात नव्हती, कारण ती मी पाठवली नव्हती. बरणीतला उरलेला चिखल आता मोजूनही उपयोग नव्हता, जुना चिखल पुन्हा ताजा होत नाही. पावसाचे ढग मुरुडच्या बाजूला दिसायला लागले होते. म्हणजे आता तिला पुढच्या उन्हाळ्याची वाट बघायची होती. एक वर्ष. जिनं रोज दुपारच्या एसटीच्या वेळेत आपलं शिक्षण बसवलं होतं, तिचं एक वर्ष मी माझ्या बाजूच्या नावाखाली घालवलं होतं.

आमच्याकडे बातमी एसटीच्याही आधी पोचते. कॉलेजात माझं नाव ‘कणीवाल्या मॅडम’ पडलं ते त्याच आठवड्यात, आणि ते सोपं होतं. अवघड होतं ते बाजारात. मी अलिबागला मासळी घ्यायला गेले तेव्हा त्या मुलीच्या आईला चुकवून पलीकडच्या रांगेनं निघाले होते. तिनं पाहिलं आणि हाक मारली.

“बाय, माज्या पोरीचा चिखल खोटा निघाला असं म्हनतात. खरं हाय काय?”

बाजूच्या बायका ऐकत होत्या. मी म्हटलं, तिचा चिखल खरा होता, मोजणारं यंत्र वाकडं होतं, आणि ते माझ्यामुळे. तिला ते कितपत समजलं कोण जाणे. ती कोयत्यानं बांगडे साफ करत राहिली. मग म्हणाली, “मंग तिला रागं भरू नका. ती घरात काय बोलली न्हाय. नुसती जेवली न्हाय दोन रोज.” आणि माझ्या पिशवीत तिनं वरचे दोन बांगडे टाकले, शिक्षिकेला देतात तसे, मानानं. ते बांगडे मी घरी तळले, पण मला खाववेनात. नवऱ्यानं खाल्ले.

यंत्र कुठे गेलं नाही. जूनमधल्या मीटिंगमध्ये मी कॅमेऱ्यासमोर बसून सगळं सांगितलं, कणीपासून बरण्यांपर्यंत, आणि फेब्रुवारीत बोलले त्याची माफी मागितली. पुण्याच्या संचालकांनी विचारलं, की यंत्र तिथे सुरक्षित आहे याची आता खात्री काय. उत्तर पुण्याच्या मॅडमनी दिलं. म्हणाल्या, की ज्या मुलीला चूक कधीपासून सुरू झाली ते कळलं होतं, ती तिथे आहे. दोन्ही संस्थांनी मिळून तिच्या प्रबंधाची मुदत वाढवून दिली. मी तिची माफी मागितली तेव्हा ती इतकी अवघडली, की तिनं मध्येच नळ सोडून बरण्या धुवायला घेतल्या आणि पाण्याच्या आवाजात माझं अर्धं बोलणं वाहून गेलं.

ती तशीच येते, पहिल्या एसटीनं. तशीच ‘मॅडम’ म्हणते, तेवढ्याच आदरानं. कधी एखादा टोमणा मारेल म्हणून मी वाट बघते, पण तिच्या तोंडी तो येतच नाही. बोलली असती तर आमचं भांडण तरी झालं असतं आणि भांडण मला जमतं. पुढच्या उन्हाळ्याच्या बरण्या तिनं आत्तापासूनच धुऊन फळीवर उपड्या घालून ठेवल्यात. प्रत्येकीची जोडीची बरणी शेजारी आहे, पुण्याची.

यंदा पुन्हा दसरा आला. मी पूजेला जायचं टाळणार होते, परीक्षेचं काही निमित्त काढून. ती बोलवायला स्टाफरूमपर्यंत आली, म्हणून गेले. यंत्र तिनं स्वच्छ पांढऱ्या कापडात पूर्ण गुंडाळलं होतं, तळाशी नाडीनं बांधून टाकलं होतं, आणि झेंडूची माळ त्या कापडावरून घातली होती. प्लेट धुऊन डब्यात बंद होती. पुण्याच्या मॅडम फोनवर होत्या. सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते, आणि कँटीनमध्ये श्रीखंड-पुरी वाट बघत होती.

तिनं अक्षतांचं तबक माझ्यासमोर धरलं.

“मॅडम, तुम्ही आधी टाका,” ती म्हणाली. “झाकलंय मी.”

मी चिमूटभर अक्षता घेतल्या आणि कापडावर टाकल्या. हात खाली आणला तेव्हा ओल्या कुंकवानं एक दाणा तळहाताला चिकटून राहिला होता. मी तो झटकणार, एवढ्यात तिनं माझं मनगट धरलं, हात यंत्रापासून बाजूला घेतला आणि फडक्यानं तो दाणा पुसून काढला.